जाळीतली खिडकी

फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगी देताना त्यांनी हुद्द्यातला शेवटचा शब्द तेवढा मनात धरला आणि जावई फौजदार मिळाला म्हणून पाथर्डीच्या बाजारात पेढे वाटले. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खाकी कपडे का आणले नाहीत म्हणून हळूच विचारलं. मी सांगितलं, मामा, मला खाकी नाही, पट्टा नाही, दंडुका नाही. कारखान्यात जाणारा माणूस सकाळी जसा घरून निघतो तसाच संध्याकाळी धडधाकट घरी परत यावा, हे बघायची नोकरी आहे माझी. पानाला चुना लावता लावता त्यांनी बराच विचार केला.

"म्हंजी देवाचंच काम की, जावईबापू," ते म्हणाले. "त्याला सरकारनं येगळा मानूस कशाला ठिवला?"

मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. पण याच प्रश्नाशी पुढे एका साखर कारखान्यात माझी गाठ पडली आणि तिथं हसायची सोय नव्हती. ती हकिकत सांगावी म्हणून लिहायला बसलो आहे. बाकी नोकरीतलं फार सांगत नाही. बदल्या सगळ्यांच्याच होतात आणि प्रत्येक पेन्शनराला आपली बदली जगावेगळी वाटते.

सत्तर सालच्या आगेमागे मी नगरला आलो. माळीवाड्याजवळ दोन खोल्यांची कचेरी, एक शिपाई, आणि जिल्हा केवढा, तर एका टोकाला गोदाकाठचं पुणतांबं आणि दुसऱ्या टोकाला खर्ड्याच्या किल्ल्यापलीकडचा माळ. आमची जीप कागदावर होती. प्रत्यक्षात मी एस.टी.च्या टपावर सायकल टाकून हिंडायचो. पिशवीत कायद्याचं पुस्तक, मोजपट्टी, बॅटरी आणि दुपारची पोळीभाजी.

बघायचं काय, तर सगळंच. खिडक्या किती, उजेड किती, प्यायचं पाणी संडासापासून किती लांब, भिंतींना चुना कधी लावला, बायका रात्री कामावर ठेवल्यात का, पोरं जुंपलीत का, फिरत्या पट्ट्यांना आणि चाकांना जाळ्या आहेत का. कायद्यात थुंकदाण्यांचंसुद्धा कलम होतं. पुणतांब्याच्या एका तेलगिरणीवाल्याला मी थुंकदाण्या ठेवा म्हणून बजावलं. पुढच्या खेपेला गेलो तर त्यानं पितळेच्या दोन सुरेख थुंकदाण्या काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या. कामगार घाण करतात म्हणून किल्ली त्याच्या कडदोऱ्याला होती.

कायदा कुणाला लागू आणि कुणाला नाही, याचीही गंमत होती. यंत्र विजेवर किंवा इंजिनावर चालत असेल आणि दहा माणसं असतील तर तो कारखाना, नऊ असतील तर नाही. देवळाली प्रवऱ्याकडच्या एका गुऱ्हाळावर मी केव्हाही गेलो तरी माणसं नऊच. एकदा मी सायकल लांब ठेवून बांधावर डबा उघडला, तर उसातून एक जण बाहेर आला, माझ्याकडं पाणी मागितलं आणि शेजारी बसून मलाच सांगायला लागला की कोणीतरी इन्स्पेक्टर यायचा आहे म्हणून मालकानं उसात पिटाळलंय, तेवढाच दम खायला मिळाला. मी त्याला अर्धी पोळी दिली. तोच माझा दहावा माणूस.

अशा गोष्टींवर आम्ही कचेरीत हसायचो. पण खरं सांगायचं तर मला या कायद्याचं पहिल्यापासून अप्रूप होतं. लोकांना वाटतं, कामगारांचे कायदे म्हणजे संप, बोनस आणि युनियनचे बोर्ड. मी शिकलेला इंजिनिअर. कायद्याचं पुस्तक मी नोकरी लागल्यावर प्रथम उघडलं, आणि यंत्रांना कुंपण घालण्याच्या कलमापाशी थांबलो. यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला असलाच पाहिजे आणि यंत्र चालू असताना ते झाकण जागेवरच असलं पाहिजे, असा त्याचा अर्थ. मी पुनःपुन्हा वाचलं. कामगार हुशार असेल तर, कामगारानं लक्ष दिलं तर, असलं काही त्यात नव्हतं. माणूस दमणार, पेंगणार, घरच्या काळजीत असणार, त्याचा हात जाऊ नये तिथं जाणार, हे सगळं आधीच गृहीत धरलं होतं. माझ्या वडिलांनीसुद्धा माझ्या चुका अशा आधीच माफ केल्या नव्हत्या. सरकारी भाषेतल्या त्या रुक्ष ओळी वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, आणि आजही येतो.

आता तो साखर कारखाना. नाव सांगत नाही, तुम्हीही अंदाज बांधू नका. आमच्या जिल्ह्यात तेव्हाही कारखाने काही कमी नव्हते. ऐन हंगामात मी पहिल्यांदा मिलमध्ये, म्हणजे ऊस गाळायच्या भागात, पाऊल टाकलं आणि नकळत चपला काढायला वाकलो. अनवाणी फिरणाऱ्यांना तंबी देणारा माणूस मीच, पण त्या जागेचा रुबाबच तसा होता. एका बाजूनं गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, उसाच्या मोळ्या पडत होत्या, त्या रोलरखाली चिरडत पुढं सरकत होत्या, आणि रसाचा पाट वाहत होता. गरम गोड वास नाकात भरला होता. पायाखालची जमीन थरथरत होती. आणि या सगळ्याला फिरवणारं ते दात्यांचं चाक, दोन पुरुष उंच, तेलानं काळंभोर, संथ. संथ म्हणूनच फसवं. त्याच्या दात्यांत दुसऱ्या लहान चाकाचे दाते अडकत, आणि त्या दोहोंच्या मधे जे सापडेल ते परत येत नसे.

हंगाम लागला की हे सगळं थांबत नाही. थांबलं तर टाकीतला रस आंबतो, बाहेर गाड्यांतला ऊस वाळतो, बॉयलरची वाफ फुकट सोडावी लागते. म्हणून कारखान्यात कोणी मिल थांबवा म्हणत नाही.

त्या चाकाला जाळी नव्हती. मी शेरा दिला आणि दसऱ्याच्या आधी त्यांनी चांगली मजबूत लोखंडी जाळी बसवली. खंडेनवमीला पूजेसाठी ती काढली आणि पूजा आटोपल्यावर पुन्हा बसवली, असं चीफ इंजिनिअरनी मला आवर्जून कळवलं. या गृहस्थांना कारखान्यात सगळे चीफसाहेब म्हणत. मितभाषी, कडक, स्वतःच्या मिलवर जीव असलेला माणूस. मी खूश झालो आणि पुढच्या हंगामात पाहणीला गेलो.

जाळीत एक खिडकी होती. हात आत जाईल एवढं चौकोनी भोक, छिन्नीनं पाडलेलं, कडा घासून इतक्या गुळगुळीत केलेल्या की बोटाला बोचू नये. एवढंच नाही, वरच्या कडेला हळदीकुंकू लागलेलं.

मी बाजूला उभा राहून बघत राहिलो. दुपारी बाराचा भोंगा झाला, पाळी बदलली. नव्या पाळीचा एकेक माणूस येई, खिडकीतून हात आत घाली, चाकाचा आस पेलणाऱ्या आतल्या बेअरिंगच्या बैठकीला तळवा टेकवी, तोच हात कपाळाला लावी आणि आपल्या जागेवर जाई. बैठक काही फिरत नाही, ती स्थिर असते. पण तिच्यापासून वीतभर अंतरावर ते दाते एकमेकांत शिरत होते.

शेवटी आला भागुजी. मिलवरचा ऑइलमन, म्हणजे फिरत्या यंत्रांना दिवसभर तेल घालणारा. वय उताराला लागलेलं, गालफडं बसलेली. त्यानं हात आत घातला तो डावा, कारण उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

ही खिडकी कुणी पाडली म्हणून मी विचारलं. मी पाडली, असं त्यानं लगेच सांगितलं. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. जाळी नव्हती तेव्हा कामावर आल्यावर बैठकीला हात लावून पाया पडायची रीत होती. खंडेनवमीला यंत्र थांबलेलं असतं, तेव्हा जाळी काढता येते. हंगामात यंत्र थांबत नाही, मग रोजचा नमस्कार कसा करायचा? म्हणून त्यानं सगळ्यांसाठी सोय केली. कडासुद्धा त्यानंच कानशीनं घासल्या, कुणाला लागायला नको म्हणून.

"सायेब, ती पोटाला घालती," तो म्हणाला. "हात लावल्याबिगर कामाला लागायचं कसं?"

मी त्याच्या उजव्या हाताबद्दल विचारलं. उमेदीच्या वयात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात, नव्या यंत्रात गेली बोटं. मला वाटलं, आता हा त्या मालकाला शिव्या घालेल. पण त्याच्या आवाजात राग नव्हता.

"नवं मशीन हुतं. त्यानं निवद घेतला," तो म्हणाला. "निवद घेतल्याबिगर देव कुठं गप बसतो?"

मी अनेक तुटके हात पाहिले, अनेक पंचनामे लिहिले. पण या एका वाक्यानं मी जसा हादरलो तसा कशानंच नाही. ज्यानं बोटं खाल्ली त्याच्याच पाया पडणारा हा माणूस, आणि त्याच्या मनात तसूभर किल्मिष नाही. मी त्याच्यापुढं लहान झालो, आणि त्याच वेळी मला त्याची भीतीही वाटली, कारण दुसरा नैवेद्य द्यायलाही त्याची ना नव्हती.

चीफसाहेबांच्या खोलीत गेलो तर त्यांची तयारी झालेली होती. त्यांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढून माझ्यापुढं उघडून ठेवलं. सुरक्षिततेसाठी बसवलेल्या साधनाची कामगारानं जाणूनबुजून मोडतोड केली तर त्याच्यावरही खटला भरता येतो, असं एक कलम आहे, आणि ते खरंच आहे. चीफसाहेबांचं म्हणणं, भागुजीनं स्वतः कबूल केलंय. मी त्याच्यावर खटला भरावा, कारखाना त्याला आजच कामावरून काढील, आणि कारखान्याच्या नावावर डाग राहणार नाही.

"कायदा तुमचाच आहे, साहेब," ते म्हणाले. "मी कुठं मनचं सांगतोय?"

भागुजीला निवृत्तीला एकच हंगाम उरला होता. आता काढला तर कारखान्याच्या चाळीतली खोली जाणार, आणि आयुष्यभराच्या नोकरीचा शेवट कोर्टाच्या पायरीवर होणार. खिडकी राहिली तर एखाद्याचा हात जाणार, आणि बुजवायची तर ती कुणी पाडली हे शेऱ्यात येणार, म्हणजे आधी भागुजीचा बळी जाणार. माणसाला वाचवायला केलेला कायदा हातात घेऊन मी बसलो होतो आणि त्याचा पहिला घाव त्याच माणसावर पडत होता. मी त्यांना एवढंच विचारलं की तुमच्या डोळ्यांसमोर ही खिडकी होती, मग तुम्ही ती बुजवली का नाही. त्यांनी पुस्तक मिटलं.

मी चहासाठी फाटकाबाहेर आलो. उसाच्या बैलगाड्यांची रांग लांबवर गेली होती. ऊसतोडीला आलेली माणसं गाड्यांच्या सावलीत बसली होती. खर्ड्याकडची एक बाई, हाताला चिंधी गुंडाळलेली, माझ्याकडं आणि माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कायद्याच्या पुस्तकाकडं बघत होती. कोयता लागला होता. मी कोण, हे तिनं चहावाल्याला विचारलं असावं.

"त्या पुस्तकात आमचं काई हाय का, भाऊ?" तिनं विचारलं.

नव्हतं. त्या काळी आमचा कायदा गव्हाणीपाशी सुरू व्हायचा. मोळी गव्हाणीत पडली की पुढच्या प्रत्येक हाताची काळजी त्यात लिहिलेली होती. मोळी बांधणाऱ्या हाताची नव्हती. ते मी तिला जमेल तसं सांगितलं. ती चिडली नाही. "आसं व्हय," म्हणाली आणि बैलांना पाणी दाखवायला गेली. मी चहा तसाच ठेवला. पुढं बढत्या मिळाल्या, मोठ्या शहरांत बदल्या झाल्या, पण त्या "आसं व्हय"ची खंत गेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

पण तिच्यामुळं माझं डोकं ताळ्यावर आलं. बाहेर कायदा नाही म्हणून काही करता येत नव्हतं. आत कायदा असून तो मी कामगाराच्याच टाळक्यात घालणार असेन, तर मग पुस्तक प्रवरेत सोडलेलं बरं. मी परत गेलो आणि चीफसाहेबांना सांगितलं की खटला भरायचाच झाला तर पहिला मॅनेजमेंटवर भरीन, कारण जाळी शाबूत ठेवायची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर टाकली आहे. भागुजीवर भरणार नाही. खिडकी मात्र आजच बंद झाली पाहिजे.

ही बातमी मिलमध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार! सुटलेल्या पाळीची माणसं घरी गेलीच नाहीत, चाळीजवळच्या मारुतीच्या देवळात जमली. खिडकी बुजवली तर मिलवर कोणी चढणार नाही, असा निरोप आला. मी आणि चीफसाहेब देवळात गेलो. भागुजीही पाळीवर आपल्या जागी दुसरा माणूस ठेवून आला होता आणि खांबाला टेकून बसला होता.

मला भाषण करता येत नाही. मी गाभाऱ्याकडं बघत राहिलो. येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर डोकं टेकत होता. आत कोणी जात नव्हतं. मी भागुजीला विचारलं, तुम्ही आत का जात नाही? तो म्हणाला, आत फक्त पुजारी जातो, सोवळं असतं. मग उंबऱ्यावरून केलेला नमस्कार मारुतीला पोचतो का? तर पोचतो. मग मिलला का पोचणार नाही? जाळीला हात लावा, तोच उंबरा.

मला वाटलं, जिंकलो. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भागुजी मात्र मान हलवत राहिला.

"दगडाच्या देवाला पोचतं, सायेब," तो म्हणाला. "पन हे जितं हाय. ते हाताला लागावं लागतं."

त्याला काय म्हणायचं होतं हे मला कळलं. त्या बैठकीला हात लावला की यंत्राची थरथर तळहातातून खांद्यापर्यंत येत असणार, ती कोमट असणार, आजाऱ्याची नाडी बघावी तशी ती लागत असणार. आज मिल बरी चाललीय की नाही, सगळं ठीक आहे की नाही, हे कळल्याशिवाय ही माणसं कामाला लागत नव्हती. जाळीला हात लावून ते कळणार नव्हतं. माझा युक्तिवाद संपला.

तेव्हा माझ्या मागं उभे असलेले चीफसाहेब बोलले. आयुष्यात इतक्या हळू ते कधी बोलले नसतील.

"मीही लावतो," ते म्हणाले. "रोज सकाळी राऊंडला येतो तेव्हा. आधी लावतो, मग पुढं जातो."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. भागुजीनं नाही पाहिलं. त्याला ते माहीत होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मघापासून त्याला कामावरून काढायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि त्यानं चीफसाहेबांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

चीफसाहेब खाली बसले, भागुजीच्या समोर, फरशीवर, आणि त्याला विचारलं की थरथर लागली म्हणजे झालं ना? भागुजीनं मान डोलावली. मग त्यांनी खिशातला खडू काढून देवळाच्या फरशीवरच आकृती काढली. बैठकीच्या पायाला एक जाड लोखंडी पट्टी बोल्टनं आवळायची, ती जाळीच्या खालून बाहेर काढायची, कंबरेच्या उंचीला आणायची. दात्यांपासून ती कितीतरी लांब. पण बैठक थरथरली की पट्टीही थरथरणार. देवळाबाहेर पादुका असतात तशा या मिलच्या पादुका. आणि खिडकीवर पत्र्याचं ठिगळ, वेल्डिंग करून, कायमचं.

कायद्यात याला काही आडकाठी होती का, हे मी मनातल्या मनात तपासून पाहिलं. नव्हती. धोकादायक भाग झाका, एवढंच तो म्हणतो. नमस्कार कुठून करावा यावर त्याचं काही म्हणणं नाही.

पण पट्टी आवळायची आणि वेल्डिंग करायचं तर हात दात्यांशेजारी जाणार. म्हणजे मिल थांबवायला हवी. ऐन हंगामात, भर दुपारी, गाड्यांची रांग उभी असताना. चीफसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ते उठले, मिलवर गेले आणि त्यांनी स्वतः हात वर करून खूण केली.

यंत्र बंद होताना मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे, पण तसं नाही. गव्हाण थांबली. रोलर थांबले. ते मोठं चाक आणखी थोडं फिरलं, मंद झालं, आणि एका दात्यावर येऊन उभं राहिलं. पायाखालची जमीन शांत झाली. तुळईवरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. बाहेरच्या बैलांच्या गळ्यातले घुंगरू थेट मिलमध्ये ऐकू आले. सगळा कारखाना, सगळी वाफ, सगळा ऊस, कुणाचा तरी हात जाईल म्हणून थांबला होता. अजून गेलाही नव्हता. मी पुस्तकातली ती कलमं वर्षानुवर्षं वाचली होती. ती एवढी मोठी आहेत हे मला त्या शांततेत कळलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायला काही केलं नाही.

तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन धावत आला. मधेच मिल थांबली की बाहेरचे लोक एकच अर्थ काढतात. गाडीवाले उठून फाटकापाशी आले होते आणि कोण गेलं म्हणून विचारत होते. त्यांना काय सांगू, असं वॉचमननं विचारलं.

भागुजी खिडकीपाशी उभा होता. तो वळला.

"कोनी गेलं न्हाई म्हनावं," तो म्हणाला. "कोनी जाऊ नये म्हनून थांबलीया."

पट्टी बसली, ठिगळ लागलं. मिल पुन्हा सुरू झाली, चाक हललं, जमीन थरथरायला लागली. मग सगळे भागुजीकडं बघत राहिले. तो पुढं आला, पट्टीवर डावा तळवा ठेवला आणि डोळे मिटले. तो इतका वेळ तसाच उभा राहिला की चीफसाहेबांच्या कपाळावर घाम आला. पट्टी फार जाड झाली असेल, थरथर पोचत नसेल, तर सगळं मुसळ केरात.

"लागतंय," भागुजी म्हणाला.

त्यानं हात कपाळाला लावला आणि तेलाचं कॅन उचललं. त्याच्यामागं रांग लागली. चीफसाहेब रांगेत शेवटी उभे राहिले.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. विहिरी आटल्या, उभा ऊस जनावरांना घालायची पाळी आली, आणि कारखान्याचा हंगाम लवकरच आटोपला. भागुजीची नोकरी त्याच हंगामाबरोबर संपत होती. मी मुद्दाम त्या दिवशी पाहणी ठेवली. सरकारी काम आणि मनातली इच्छा एकाच बसनं उरकायची आम्हाला सवय असते.

अखेरचा ऊस रोलरखाली जात होता. भागुजीनं कॅन ठेवलं, हात चिंध्यांनी पुसले, आणि मिलचा निरोप घ्यायला आला. त्याला नारळ आणि टॉवेल दिलेला होता, तो त्यानं खाली ठेवला. माणसं कडेनं उभी राहिली. भागुजीचे डोळे भरले होते. त्यानं ते घट्ट मिटले, आणि हात पुढं केला.

तो पट्टीकडं गेला नाही. हंगाम दीड हंगाम पट्टीला हात लावला असला तरी हाताची जन्माची सवय जुनीच होती. डोळे मिटलेला तो माणूस सगळं अंग पुढं झोकून, जिथं खिडकी होती तिथं, पूर्वीपेक्षाही खोल हात घालायला गेला. तो निरोपाचा नमस्कार होता, त्याला तोल नव्हता, अंतराचं भान नव्हतं.

तळवा ठिगळावर आपटला. पत्र्याचा आवाज झाला. पत्र्यामागं, वीतभर पलीकडं, दाते एकमेकांत शिरत होते.

भागुजीनं डोळे उघडले. त्यानं ठिगळाकडं पाहिलं, त्याच्या मागच्या चाकाकडं पाहिलं, आणि मग आपल्या हाताकडं. मी जवळ गेलो. यंत्र चालू असताना झाकण जागेवरच असलं पाहिजे, ही कायद्याची ओळ मला आठवत होती. कुणीतरी, कुठल्या तरी कचेरीत बसून, या माणसाचे आजचे मिटलेले डोळे इतक्या वर्षांपूर्वी पाहिले होते.

मला वाटलं, तो आता पट्टीपाशी जाऊन राहिलेला नमस्कार करील. तो गेला नाही. त्यानं तोच हात पुन्हा ठिगळावर ठेवला, या वेळी अलगद, आणि कपाळाला लावला.

"ह्यो देव बरा हाय, सायेब," तो म्हणाला. "ह्यो निवद मागत न्हाई."

मग त्यानं नारळ आणि टॉवेल उचलला आणि फाटकातून घरी गेला. सकाळी आला होता तसाच.